मैदानाची पावती

साशंक : मला आधी एवढंच सांग, तुझी पावती कुठे आहे? आठवडी बाजारात मेथीच्या दहा जुड्या घेऊन बसणारी बाई तहबाजारी भरते. तिनं अडवलेली जागा किती, तर एक पोतं अंथरण्यापुरती. जत्रेत पाळणा उभारणारा भरतो, रसवंतीवाला भरतो. 2014 च्या फेरीवाल्यांच्या कायद्यानं तर त्यांची नोंद, त्यांची जागा, त्यांचं शुल्क सगळं कागदावर आणलं. आणि तुमची अकॅडमी पहाटे पाच ते साडेसात आणि संध्याकाळी पुन्हा दोन तास अख्खं मैदान घेते. पोरांकडून दरमहा फी घेते. शंभर मीटरच्या चुन्याच्या रेघा तुम्ही मारता, गोळ्याचं वर्तुळ तुम्ही आखता, आणि त्या रेघेवरून एखादा म्हातारा चालायला लागला की शिट्टी वाजते, 'काका, बाजूला व्हा.' मी या गावात तीस वर्षं खेळाचा मास्तर होतो. त्या मैदानावर मला कुणी बाजूला व्हायला सांगितलं नव्हतं. धंदा करू नको असं मी म्हणत नाही. सगळ्यांच्या जागेवर करतोस, तर सगळ्यांना काही देतोस का, एवढंच विचारतो.

उत्साही : सर, तुमच्याच शिट्टीवर मी पळायला शिकलो, त्यामुळे जपून बोलतो. पण मी जागा विकत नाही. 2016 चा उन्हाळा आठवा. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षी गावोगाव टँकरवाले पाणी आणून द्यायचे आणि पैसे घ्यायचे. ते पैसे पाण्याचे होते की आणून देण्याचे? मी मेहनतीचे पैसे घेतो. सोळाशे मीटरमध्ये पहिला राऊंड किती आवरून पळायचा, शेवटच्या दोनशेला जीव कसा सोडायचा, 7.260 किलोचा गोळा मानेला कसा टेकवायचा, हे मी शिकवतो. ग्राउंड जिथल्या तिथं राहतं. मी त्याला कुलूप लावत नाही.

आणि हे शौकाचं शिक्षण नाही. पोलीस भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची. सोळाशेला 20, शंभरला 15, गोळ्याला 15. मुलींना सोळाशेच्या जागी आठशे आणि 4 किलोचा गोळा. सोळाशे 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं तर पूर्ण गुण, पुढे सेकंदासेकंदाला गुण गळतात. 2024 ला जी भरती झाली तिच्यात 17,471 जागा होत्या आणि अर्ज साडेसतरा लाखांच्या वर गेले. एका जागेमागे शंभर जण! त्यातली आपल्या अहमदपूर, चाकूर, लोहा, कंधारची पोरं कोणत्या घरातली आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. सोयाबीनला भाव मिळाला तर फी, नाही तर उधारी. सरकार त्यांना सांगतं, सोळाशे मीटर पळून दाखव. कुठे पळून सराव करायचा, ते सांगत नाही.

साशंक : टँकरचा दाखला तूच दिलास, तर तो पुरा करू. टँकरचा पाइप विहिरीत उतरला की काठावरच्या बायका घागरी खाली ठेवून उभ्या राहायच्या. पाणी टँकरवाल्याच्या मालकीचं झालेलं नसायचं, पण पाळी त्याची झालेली असायची. मैदानाचंही हेच आहे. मैदान पळून संपत नाही, हे खरं. पण वेळ संपते. आपल्याकडे मार्चपासून आठ वाजले की उन्हाचा चटका बसतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला शेरभर चिकटतो, दोन-दोन महिने मैदान कामाचं राहत नाही. म्हणजे वर्षाकाठी माणसाच्या उपयोगी पडणारे तास आधीच मोजके, आणि त्यातले साईचे तास तुम्ही घेता. उरलेलं ताक सगळ्यांचं.

मला शिट्टीचा राग नाही. बाजूला झालेला म्हातारा दुसऱ्या दिवशी येत नाही, याचं दुःख आहे. तो भांडत नाही, तक्रार करत नाही, अर्ज लिहीत नाही. तो फक्त यायचा थांबतो. मग तुम्ही म्हणता, मैदान तर रिकामंच होतं.

उत्साही : रिकामं होतंच, सर. तुम्हाला वाईट वाटेल, पण बोलू द्या. लातूर पॅटर्न आला, दहावी-बारावीच्या गुणांचा डंका राज्यभर वाजला, आणि आपल्या शाळांत खेळाच्या तासाला गणित शिरलं. वेळापत्रकात 'शा. शि.' लिहिलेलं असायचं आणि फळ्यावर समीकरणं. तुम्ही स्टाफरूममध्ये वाद घालायचात, आम्हाला खिडकीतून ऐकू यायचं. ग्राउंडवर काँग्रेस गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. रात्री तिथं बाटल्या फुटायच्या. आमच्या पहिल्या बॅचनं पंधरा दिवस नुसत्या काचा वेचल्या. गवत काढलं, मुरूम टाकला, दगड उचलले. त्याची पावती मी कुणाकडे मागितली नाही.

आणि दुसरी गोष्ट. आमच्या आधी तिथं पहाटे एकही बाई येत नव्हती. सगळ्यांचं मैदान म्हणजे पुरुषांचं मैदान होतं, आणि त्यातही दांडग्यांचं. आज आमच्या बॅचमध्ये मुली आहेत, म्हणून त्यांच्या आया सोडायला येतात, आणि आया थांबतात तर त्याही दोन चकरा मारतात. गर्दी आहे म्हणून त्या येतात. तुमच्या हिशोबात यायचा थांबलेला म्हातारा आहे. नव्यानं यायला लागलेली बाई पण धरा.

साशंक : धरली. ती धरायलाच हवी, आणि तिला माझ्याकडे उत्तर नाही. पण खेळाच्या तासाचं जे बोललास त्यावर थांब. ते माझ्या जिव्हारी लागतं, कारण खरं आहे. आणि म्हणूनच मला तुमची भीती वाटते. आधी वर्गातलं शिकवणं पातळ झालं, ते शिकवणीत गेलं. शिकवणीत फी भरणाऱ्याचं भलं झालं, मी नाकारत नाही, किती तरी गरिबाघरची लेकरं डॉक्टर झाली. पण वर्गाकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही, कारण ज्यांना बोलता येत होतं त्यांनी आपलं पोर शिकवणीला घातलं होतं. आता तेच मैदानावर होतंय. शाळेनं शरीर सोडून दिलं, तुम्ही ते फीवर उचललं. उद्या ज्यांना बोलता येतं त्यांची पोरं अकॅडमीत असतील. मग शाळेचं मैदान, शाळेचा खेळाचा तास, तालुक्याचं क्रीडा संकुल याबद्दल कोण बोलणार?

आपल्याच जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार. 1970 ला एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण घेतलं. अशी माणसं तालमीच्या मातीतून उभी राहिली. तालीम गावाची असायची. वस्तादाचा मान असायचा, आखाडा खणणं, तेल-ताक घालून माती मळणं हे पोरांचं काम असायचं. फी हा शब्द त्या मातीत नव्हता.

उत्साही : होता, सर. वेगळ्या नावानं होता. कोल्हापूरच्या तालमींमागे शाहू महाराजांचा खजिना होता, खेड्यातल्या तालमीमागे गावची वर्गणी आणि एखाद्या मोठ्या घराची चार पायली ज्वारी. ज्याच्या घरी दूधदुभतं त्यालाच खुराक परवडायचा. आणि कुणाच्या पोरानं त्या आखाड्यात उतरायचं आणि कुणाच्या नाही, हेही गावच ठरवायचं. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. माझ्याकडे फी भरली की जात कुणी विचारत नाही. मी पैशाची थोरवी गात नाही. पण राजा गेला, पाटील गेला, मग वस्तादानं खायचं काय? मी स्वतः भरतीत दोन गुणांनी राहिलो. वय निघून गेलं. जे दहा वर्षं अंगावर शिकलो तेवढीच माझी इस्टेट. ती मी वाटतो आणि त्यावर घर चालवतो.

शुल्काचं म्हणाल तर एक गोष्ट सांगतो. इंग्लंडात ब्रिस्टलजवळ लिटल स्टोक म्हणून बाग आहे. तिथं दर शनिवारी सकाळी लोक जमून पाच किलोमीटर पळायचे. पार्करन म्हणतात त्याला, 2004 ला लंडनच्या एका बागेतून सुरू झालं आणि जगभर पसरलं. 2016 ला तिथल्या स्थानिक पंचायतीनं ठरवलं, इतकी माणसं पळतात तर वाटा झिजतात, म्हणून पैसे द्या. त्यांनी नाही म्हटलं आणि तिथलं पळणंच बंद झालं. वाटा वाचल्या, पळणारी माणसं गेली.

साशंक : ते पळणं फुकट होतं, अरे. तिथं ना फी, ना अकॅडमी, ना मालक. गावकऱ्यांवर कर बसवल्यासारखं झालं, म्हणून जगभर ओरड झाली. तुझा दाखला फुकट पळणाऱ्याच्या बाजूचा आहे, फी घेणाऱ्याच्या नाही. फी घेणाऱ्यांचं पाहायचं तर सिडनीला बाँडायचा समुद्रकिनारा पाहा. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या व्यावसायिकांना कौन्सिलचा परवाना लागतो. कुठे शिकवायचं, कधी शिकवायचं, किती जणांना, हे ठरवून दिलेलं आहे. लंडनच्या राजेशाही बागांतही फी घेऊन शिकवायचं तर परवानगी लागते. त्या देशांत मैदानांची ददात नाही, तरी त्यांनी हे केलं. आपल्याकडे तालुक्याला एक धड मैदान आणि त्याला नियम एकही नाही.

नियम म्हटलं की भोंग्याचंही बोलतो. बागेत सकाळी बायकांचा झुम्बा चालतो. चालू दे, त्यांचं हसणं ऐकून बरं वाटतं. पण ध्वनिवर्धक रात्री दहा ते सकाळी सहा बंद हवा हा 2000 पासूनचा नियम आहे, आणि तो मोडताना मी पाहिला आहे. बागेला लागून घरं आहेत. कुणाचं तान्हं बाळ, कुणाची रात्रपाळी.

उत्साही : भोंग्याचं मान्य. माझ्या बॅचला मी भोंगा लावत नाही, आणि लावणाऱ्यांना मी सांगेन.

पण नियमानं आम्ही ग्राउंडबाहेर पडलो तर जाणार कुठे, ते बघा. पोरं पळायची थांबणार नाहीत. ती रस्त्यावर पळतील. पावसाळ्यात आजही पळतात, कारण तुम्हीच म्हणालात, चिखल. आणि आपला रस्ता कोणता, तर 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. लातूर-नांदेडची सगळी वाहतूक त्यावर. पहाटे पाचला अंधार, ट्रकवाल्याच्या डोळ्यांवर झोप, पोरांच्या अंगात काळे ट्रॅकसूट. 2025 च्या जानेवारीत बीड जिल्ह्यात घोडका राजुरीजवळ काय झालं ते तुम्ही वाचलंय. भरतीची तयारी करणारी तीन पोरं, सकाळी रस्त्यावर सराव करताना एसटीच्या धडकेत गेली. तीन, सर. त्यांच्यापाशी बंदिस्त, सपाट, चारशे मीटरचं एक ग्राउंड असतं तर? त्या दिवशी मी माझी बॅच सोडून दिली आणि पोरांना नुसतं बसवलं. कुणीच काही बोलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळी पुन्हा आली.

साशंक : त्या तीन लेकरांपुढे माझ्या सकाळच्या चकरेला किंमत नाही. पळणाऱ्या पोराला मैदान आधी, चालणाऱ्या म्हाताऱ्याला नंतर. इथवर मी तुझ्याबरोबर आलो.

आता पुढचं तू ऐक. ती लेकरं रस्त्यावर होती याचं कारण मैदान नव्हतं. मैदान देणं हे अकॅडमीचं काम नाही, सरकारचं आहे. सरकार भरतीला पळायला लावतं, सरकारच तालुका तिथे क्रीडा संकुल म्हणतं. तालुका संकुलासाठीची मर्यादा एक कोटीची होती, 2022 ला ती पाच कोटींवर नेली. बार्टी, महाज्योती या संस्था पोलीस भरतीच्या पूर्वतयारीचं फुकट प्रशिक्षण देतात. म्हणजे हे आपलं काम आहे हे सरकारनं मानलेलं आहे. जिथं त्याचा हात पोचत नाही तिथं तुम्ही उभे राहता, हे चांगलंच. पण तुम्ही उभे राहिलात की सरकारला वाटतं, भागलं. तुमच्या घामानं त्याची जबाबदारी झाकली जाते. शिकवणीनं शाळेचं असंच झाकलं.

(इथं मला लिहिणारा म्हणून एक सांगावंसं वाटतं. हा वाद एवढ्यावर थांबला असता तर तो आपण नेहमी ऐकतो तसाच, एक जण 'सरकार' म्हणतो आणि दुसरा 'तोवर काय?' म्हणतो, असा झाला असता. पण यानंतर दोघं एकमेकांच्या जागेवर गेले, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.)

उत्साही : मग मी सांगतो मला काय हवंय. सर, मला पावती हवी आहे. तुम्ही सुरुवातीला विचारलीत तेव्हा मी टाळलं, कारण पावती म्हटलं की पैसे जाणार एवढंच डोक्यात आलं. पण आज माझी अवस्था काय आहे? ग्राउंड कुणाच्या तरी शब्दावर चालतं. आज एकाचा फोन येतो, 'उद्या सभा आहे, रेघा पुसून टाका.' परवा कुणाच्या वाढदिवसाचा करंडक, आठ दिवस टेनिस बॉल क्रिकेट, मांडव ठोकायला ग्राउंडमध्ये शंभर खड्डे. मग लग्न. खड्डे कोण बुजवतं? माझी पोरं. त्यात एखाद्याच्या घोट्याला मुरगळलं की त्याची वर्षाची मेहनत वाया. मी कुणाकडे दाद मागू? माझ्याकडे कागद नाही. ज्या अकॅडमीवाल्याचा मेहुणा कुठे तरी सदस्य आहे, त्याला हवी ती वेळ मिळते. मी नमस्कार करत फिरतो.

पावती असेल तर मी कुणाच्या मेहेरबानीवर नाही. नगरपरिषदेनं लिहून द्यावं, पाच ते सात, अमुक एवढी पोरं, आतले दोन पट्टे आमचे, बाहेरचा पट्टा चालणाऱ्यांचा, तिथं आमच्या पोरानं पाऊल टाकलं तर दंड. रविवार मोकळा. आमच्याकडून घेतलेल्या पैशात मुरूम आणि दिवे, आणि तो हिशोब ग्राउंडच्या भिंतीवर लिहिलेला. धुळे-नाशिककडे पांझरेच्या काठी फड पद्धत होती, पाटाचं पाणी पाळीनं घ्यायचं, पाटकरी गावानं नेमायचा, टंचाई आली तर ती सगळ्यांनी वाटून सोसायची. तसं ग्राउंड पाळीनं वाटून घेऊ. तुम्ही पाटकरी व्हा. तुमच्या शिट्टीला सगळे मानतील.

साशंक : तू पावती मागितलीस आणि माझ्या पोटात गोळा आला. मी तासाभरापूर्वी तीच मागत होतो. थांब, मला नीट मांडू दे.

तहबाजारीचं मी म्हणालो खरं. पण बऱ्याच गावांत तहबाजारी नगरपरिषद स्वतः गोळा करत नाही, तिचा लिलाव होतो. ठेकेदार एकरकमी बोली लावतो आणि मग बाजारात फिरून वसूल करतो. मेथीवाल्या बाईला पावतीनं हक्क मिळाला की डोक्यावर एक माणूस मिळाला? मैदानाचंही तसंच होईल. पहिल्या वर्षी तुझ्यासारख्याला दोन पट्टे, शंभर रुपये. दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी लक्षात येईल की इथं पैसा आहे. तिसऱ्या वर्षी निविदा. निविदेत तू टिकणार नाहीस. लातूर-नांदेडची मोठी अकॅडमी येईल, जिची तीन गावांत वसतिगृहं आहेत. ती पैसे भरेल, कुंपण घालेल, फाटक बसवेल, आणि फाटकावर पाटी, अधिकृत प्रशिक्षण केंद्र. त्या दिवशी मी तिला पावती कुठे आहे असं विचारू शकणार नाही. तिच्यापाशी पावती असेल.

मुंबईतलं एक जुनं प्रकरण सांगतो. 1881 च्या सुमाराला किल्ल्याबाहेरच्या मैदानावर एतद्देशीय पोरं क्रिकेट खेळायची, बहुतेक पारशी. त्याच मैदानावर जिमखान्याचे गोरे साहेब पोलो खेळायचे. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर चेंडू कुठेही उडायचा. पारशांनी गव्हर्नरकडे अर्ज केला, की आम्ही इतके जण, आमच्यासाठी ही एकच जागा, आणि मूठभरांच्या पोलोपायी ती निकामी होते. भांडण काही वर्षं चाललं, पोलो हलला, परत आला. शेवटी सरकारनं समुद्राकाठी भराव टाकून केलेल्या जमिनीवर पारशांना, मुसलमानांना, हिंदूंना आपापल्या जिमखान्यांसाठी जागा दिल्या. न्याय झाला. कागद मिळाला. पुढे तिथं मोठं क्रिकेट झालं, हेही खरं. पण आज मरीन ड्राइव्हवर जाऊन पाहा. कुंपणं आहेत, फाटकं आहेत, सभासदत्व आहे. ज्यांनी 'मैदान सगळ्यांचं' म्हणून अर्ज केला, त्यांना उत्तर म्हणून आपापलं मैदान मिळालं. सगळ्यांचं जे होतं त्यातला तेवढा तुकडा कायमचा कुणाचा तरी झाला.

उत्साही : म्हणजे पावती नको? मग आज चाललंय तसंच चालू द्यायचं? फोनवर, मेहुण्यावर, नमस्कारावर? सर, तुम्ही मला कागदाची भीती घालताय, पण कागद नसण्याची किंमत माझ्यासारखाच भरतो. ज्याच्यामागे माणूस आहे त्याला कागद लागत नाही. ज्याच्यामागे कुणी नाही त्यालाच लागतो. तुमच्या यायच्या थांबलेल्या म्हाताऱ्यालाही. भिंतीवर लिहिलेलं असतं की बाहेरचा पट्टा चालणाऱ्यांचा, तर त्यानं माझ्याकडे बोट करून विचारलं असतं, तुझं पोर इथं कसं? आज तो काय दाखवून भांडेल?

साशंक : हे तू बरोबर बोललास. माझ्या मनात ते आलं नव्हतं. कागदावर चालणाऱ्याचा हक्क लिहा, पळणाऱ्याची सवलत लिहा. आधी काय लिहायचं यातच सगळं आहे. पण आपल्याकडे कागद नेहमी पैसे भरणाऱ्याच्या नावानं निघतो. जो फुकट येतो त्याच्या नावानं कोण पावती फाडणार? चेंडू घेऊन आलेली सहावीतली चार पोरं. त्यांना वेळ ठाऊक नसते, संख्या ठरलेली नसते, त्यांचा 'उद्देश' विचारला तर ती हसतील. मैदान मुळात त्यांच्यासाठी असतं, आणि तुझ्या फडाच्या पाळीपत्रकात त्यांचा रकाना मला दिसत नाही.

उत्साही : त्यांच्यासाठी कॉलन्यांतल्या ओपन स्पेस आहेत ना? मोठ्या प्लॉटिंगमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडायला लागते. आपल्याकडे किती तरी ले-आउट पडले. त्या मोकळ्या जागा कुठे आहेत? कुठे सभामंडप, कुठे कुणाची वीट-वाळू, कुठे नुसत्या बाभळी. त्या सगळ्या सोडवल्या तर या एका ग्राउंडवर एवढी रेटारेटी होणार नाही. तुम्ही-मी भांडतोय ते टंचाईमुळे.

साशंक : त्या सोडवायला आपण दोघं मिळून जाऊ, माझी सही पहिली घे. पण ते होईपर्यंत मैदान एकच आहे.

आणि मला तुला एक विचारायचंय, ते बरेच दिवस मनात आहे. तुझ्या बॅचच्या मागे एक मुलगी पळते. तुमच्या टी-शर्टमध्ये नसते, पायात साधे कॅनव्हासचे बूट असतात. तुम्ही वॉर्मअप करता तेव्हा ती लांब, भिंतीपाशी, तुमचं बघून तेच करते. तू सोळाशेची शिट्टी दिलीस की तीही सुटते. तुझ्या स्टॉपवॉचमध्ये तिची वेळ येत नाही. ती तुझ्याकडे फी भरते?

उत्साही : नाही. मला ठाऊक आहे ती. तिच्या वडिलांचं सगळं उसावर, तोडीला जातात, घरी आजी असते. मी तिला कधी बोलावलं नाही आणि कधी हाकललंही नाही. एक-दोनदा फी भरणाऱ्या पोरांच्या बापांनी विचारलं, ही फुकट कशी काय? मी म्हटलं, ग्राउंड काही माझं नाही, तिला मी कोण अडवणार?

साशंक : हेच तुझं उत्तर मला ऐकायचं होतं. 'ग्राउंड माझं नाही.' आज हे वाक्य तुझ्या तोंडी खरं आहे, म्हणून ती पळते. ज्या दिवशी तुझ्या खिशात पाच ते सातची पावती असेल, त्या दिवशी ते बाप पुन्हा येतील आणि म्हणतील, आता तर तुमचंच आहे ना? पैसे भरलेत ना? मग ही इथं कशी?

उत्साही : आणि पावती नाही म्हणून उद्या कुणाच्या फोनवर माझी बॅच उठली, तर ती कुणाच्या मागे पळेल? अंधारात, त्या मोकळ्या मैदानावर, एकटी? ती येणार नाही, सर. तिला माझी फी परवडत नाही, पण माझी गर्दी तिला लागते.

साशंक : मग पावतीवर तिचं नाव कसं लिहायचं, ते आधी सांग.

उत्साही : उद्या पहाटे या. तिला विचारू.